'कारण' आणि 'प्रेरणा' यांत फरक काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातील एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या लोकांचे मराठी आणि कन्नड अर्ज, निवेदने व मुलांचे निबंध तपासून देण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले. या कामात एक गोंधळ सारखा समोर येतो : जिथे कारण मागितले आहे तिथे लोक आपली तळमळ लिहितात आणि जिथे तळमळ विचारली आहे तिथे कारणांची यादी देतात. खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतून येणारे विद्यार्थी आणि पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले, त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. ज्यांना निव्वळ अर्ज भरायचा आहे, त्यांनी थेट शेवटच्या प्रश्नाकडे जावे.

दोन शब्दांतला फरक एका दमात सांगता येईल का?

सांगता येईल, पण तेवढ्याने भागणार नाही. एखादी गोष्ट का घडली किंवा का करावी, या प्रश्नाचे जे उत्तर दुसऱ्यापुढे मांडता येते, दुसऱ्याला तपासता येते आणि चुकीचे असल्यास खोडता येते, ते कारण. माणसाला आतून हलवणारे, कामाला लावणारे बळ ती प्रेरणा, आणि ती ज्याची त्याची असते. म्हणून कारणाबद्दल 'ते खरे आहे का, पुरेसे आहे का' असे विचारता येते. प्रेरणेबद्दल 'ती आहे का, किती आहे, कोणाची आहे' इतकेच विचारता येते. 'तुझी प्रेरणा खोटी आहे' असे आपण रागाने म्हणतो, तेव्हाही आपल्याला म्हणायचे असते ते 'तू सांगतोस ती तुझी खरी प्रेरणा नव्हे' एवढेच.

दोन्ही शब्द संस्कृतातून आले आहेत. 'कारण' हा शब्द 'कृ' म्हणजे करणे या धातूपासून झाला आहे, तर 'प्रेरणा' या शब्दात 'ईर्' म्हणजे हलवणे, चालना देणे हा धातू असून त्याला 'प्र' हा उपसर्ग लागला आहे. एकात 'करणे' आहे आणि दुसऱ्यात 'ढकलणे' आहे, हे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गाठी सुटतात.

मराठीत विचारायचा शब्द 'का' हा एकच असेल, तर उत्तरात फरक कसा करायचा?

माझ्या मते मराठीने हा फरक आपल्या शब्दयोगी अव्ययांत इतका बारकाईने सांभाळून ठेवला आहे, की तो शिकण्यासाठी दुसरीकडे कुठे जाण्याची गरज नाही. 'मुळे', 'साठी', 'पोटी' आणि 'पायी' हे चार शब्द घ्यावेत.

'मुळे' या शब्दात 'मूळ' सरळ दिसते. 'पावसामुळे भात आडवे झाले' या वाक्यात पाऊस हे त्या घटनेचे मूळ आहे आणि ते कोणीही बांधावर उभे राहून पाहू शकतो. 'साठी' पुढे बघते; 'भातासाठी चिखलणी केली' या वाक्यात अजून हाती न आलेली गोष्ट डोळ्यांपुढे आहे. 'पोटी' मात्र माणसाच्या आत शिरते. मायेपोटी, रागापोटी, भीतीपोटी, अज्ञानापोटी असे आपण म्हणतो. 'पावसापोटी भात आडवे झाले' असे कोणी म्हणत नाही, कारण जिथे मन नाही तिथे 'पोटी' लागतच नाही. 'पायी' हे त्याचेच जरा कडवट भावंड आहे. 'पैशापायी भाऊ भाऊ तुटले', 'हट्टापायी जमीन घालवली', 'दारूपायी घर बसले' अशा वाक्यांत जे बळ माणसाला खेचून नेते त्याचे नाव असते आणि बोलणाऱ्याची नापसंतीही असते. 'अभ्यासापायी तो पहिला आला' हे वाक्य कानाला खटकते ते यासाठीच.

आता ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. 'आईच्या आजारपणामुळे तो पुण्याची नोकरी सोडून येळ्ळूरला परतला' आणि 'आईवरच्या मायेपोटी तो पुण्याची नोकरी सोडून येळ्ळूरला परतला.' घटना एकच आहे. पहिल्या वाक्यातले आजारपण दवाखान्याच्या कागदावर दाखवता येईल, आणि आजारपण नव्हतेच असे सिद्ध झाले तर ते वाक्य कोसळेल. दुसऱ्या वाक्यातली माया कोणत्याही कागदावर नाही. तिच्याबद्दल शेवटचा शब्द त्या मुलाचा, आणि कधी कधी त्याचाही नव्हे. पण त्याकडे पुढे येतो.

प्रश्न विचारतानाही मराठीत 'का' एकटा नाही. 'कशामुळे' म्हटले की मूळ विचारले जाते, 'कशासाठी' म्हटले की पुढचे फळ विचारले जाते, आणि 'काय म्हणून' म्हटले की जाब विचारला जातो. 'कशाला' या शब्दाची गंमत वेगळी आहे. आमच्याकडे बोलताना तो 'का' च्या जागी सर्रास येतो आणि त्यात काही वावगे नसते. पुण्याहून आलेल्या माझ्या पाहुण्यांना शेजारच्या आजींनी 'कशाला आलाय?' असे आपुलकीने विचारले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या कानाला त्यात 'यायची गरज नव्हती' असा अर्थ लागला होता. आजींना फक्त कामाचे विचारायचे होते.

प्रत्येक घटनेला प्रेरणा असते का?

नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पुराने जिल्ह्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. त्या पुराला कारणे होती : पाणलोट क्षेत्रातला अतोनात पाऊस आणि भरलेल्या धरणांतून सोडावे लागलेले पाणी. नदीला प्रेरणा नसते. पाणी केव्हा आणि किती सोडायचे हे ठरवणाऱ्या माणसांना मात्र कारणेही असतात आणि प्रेरणाही असू शकते, म्हणून त्यांना जाब विचारता येतो, नदीला विचारता येत नाही.

इथे आणखी एक सावधगिरी हवी. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही आपली म्हण नेमके हेच सांगते.

मग 'हेतू', 'उद्देश', 'प्रयोजन', 'निमित्त' आणि 'सबब' हे शब्द कुठे बसतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर थोडे लांब आहे, कारण यातल्या काही शब्दांनी वाटेत अर्थ बदलले आहेत.

'हेतू' हा त्यातला सर्वांत फसवा. आजच्या मराठीत 'त्याचा हेतू चांगला नव्हता' म्हटले की मनातला इरादा कळतो. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात मात्र हेतू म्हणजे अनुमानाचा आधार. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, या प्रसिद्ध उदाहरणात 'डोंगरावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, आणि 'धूर दिसतो' हा हेतू. त्यानंतर उदाहरण, उपनय आणि निगमन असे आणखी तीन अवयव येतात. धुराच्या मनात काही नसते. तो हेतू आहे याचा अर्थ त्याच्या बळावर आपण दुसरी गोष्ट मानू शकतो, एवढाच. पाणिनीच्या व्याकरणात याच शब्दाचा तिसरा उपयोग सापडतो : जो दुसऱ्याकडून काम करवून घेतो, त्या प्रयोजकाला तिथे 'हेतू' ही संज्ञा आहे. मराठी व्याकरणात 'करवणे', 'बसवणे' यांना आपण प्रयोजक क्रियापदे म्हणतो, ती याच घराण्यातली. म्हणजे एकाच शब्दात पुरावाही मावतो, इरादाही मावतो आणि करवून घेणारा धनीही मावतो. 'हेतू' लिहिताना यांपैकी कोणता अर्थ आपल्या मनात आहे हे लिहिणाऱ्याने स्वतःला एकदा विचारावे.

'निमित्त' या शब्दाची तर पदावनती झाली आहे. न्याय-वैशेषिक परंपरा कारणांचे तीन प्रकार मानते, आणि त्यासाठी तिचे आवडते उदाहरण मडक्याचे आहे. ते आम्हांला जवळचे वाटते, कारण खानापूरची माती आणि खानापूरचे कुंभारकाम या भागात सर्वांना ठाऊक आहे. मडके ज्याचे बनते ते समवायी कारण, त्या भागांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण, आणि कुंभार, चाक व दांडा ही निमित्तकारणे. म्हणजे ज्या कुंभाराशिवाय मडके झालेच नसते, तो शास्त्रात 'निमित्त' आहे. आजच्या बोलण्यात मात्र 'भांडणाला पाण्याचे निमित्त झाले' म्हणजे भांडण आधीच पेटलेले होते, पाण्याने फक्त ठिणगी पडली. शास्त्रातला मुख्य कर्ता बोलीत किरकोळ बहाणा होऊन बसला आहे.

'प्रयोजन' पुढे बघणारा शब्द आहे, 'साठी' चा मोठा भाऊ. हेतू आणि प्रयोजन यांतला भेद अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याच्या बाबतीत फार स्वच्छ मांडला आहे. काव्य कशातून निर्माण होते, याचे उत्तर प्रतिभाशक्ती, व्युत्पन्नता (शास्त्रांची व लोकव्यवहाराची जाण) आणि अभ्यास असे आहे, आणि तो काव्याचा हेतू. काव्य कशासाठी, याचे उत्तर यश, धन, व्यवहाराचे ज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ मिळणारा परम आनंद आणि प्रिय पत्नीने करावा तसा हळुवार उपदेश असे आहे, आणि ती काव्याची प्रयोजने. धनाची इच्छा आहे म्हणून प्रतिभा येत नाही, आणि प्रतिभा आहे म्हणून धन येत नाही. दुसरी गोष्ट तर आमच्या भागातले सगळेच कवी सांगतील.

'उद्देश' हा रोजच्या व्यवहारात प्रयोजनाच्याच जागी चालतो. 'सबब' अरबीतून आलेला शब्द. मूळ अर्थ कारण असाच. जुन्या वळणाच्या अर्जांत 'सबब विनंती की' असा तो अजूनही 'म्हणून' या अर्थाने टिकून आहे, पण घरात 'सबबी सांगू नकोस' म्हटले की त्याचा अर्थ खोटे कारण असा होतो. नाचता येईना अंगण वाकडे या म्हणीतले अंगण ही सबब आहे : ते वाकडे असेलही, पण नाच न येण्याचे कारण ते नव्हे.

कारण आहे पण प्रेरणा नाही, असे होऊ शकते का?

रोज होते. तंबाखू का सोडावी याची सगळी कारणे निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात. पाकिटावरचे चित्र त्याने पाहिलेले असते, घरचे सांगून थकलेले असतात. कारण पुरेपूर आहे आणि पाऊल हलत नाही. निव्वळ तर्काने माणूस हलत नाही, त्याला हलवायला इच्छा किंवा भावना लागते, असे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७३९-४० साली मांडले, ते अशा प्रसंगी पटते.

उलटही घडते. आमच्या कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. भरतीच्या आधी कितीतरी गावांतली मुले पहाटे साडेचारला रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांतल्या एकाला मी विचारले, तर तो म्हणाला, 'सर, धावल्याशिवाय राहवत नाही.' हे कारण नव्हे. भरतीत पात्र ठरायला ठरावीक वेळेत अंतर पुरे करावे लागते, हे कारण. पण ते त्याच्या शेजारी झोपून राहिलेल्या मुलालाही तितकेच लागू आहे. एक उठतो आणि दुसरा उठत नाही, या फरकाचे स्पष्टीकरण कारणात सापडत नाही, कारण ते दोघांचे एकच आहे.

एकाच कृतीमागे एकच कारण आणि वेगवेगळ्या प्रेरणा असू शकतात का?

असू शकतात. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७८५ साली दिलेले दुकानदाराचे उदाहरण बेळगावच्या खडेबाजारात जसेच्या तसे लागू होते. लहान मूल पिशवी घेऊन आले तरी दुकानदार त्याला मोठ्यांच्याच भावाने माल देतो. तो असे करतो ते प्रामाणिकपणा हे कर्तव्य आहे म्हणून, की फसवल्याचा बोभाटा झाला तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून? माल तोच, भाव तोच, हिशेब तोच. कांट यांच्या मते नैतिक मोल फक्त पहिल्याला आहे. मला व्यक्तिशः ते फार कडक वाटते. मुलाच्या हातात पूर्ण वजनाचा गूळ पडला यालाही काही मोल असावे.

आपण जे कारण सांगतो तीच आपली प्रेरणा असते का?

नेहमी नसते, आणि यात लबाडीच असते असेही नाही. १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ग्राहकांपुढे नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडून त्यांतली सर्वांत चांगली निवडायला सांगितले. चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या. तरी सर्वांत उजवीकडच्या जोडीला इतरांपेक्षा बरीच जास्त पसंती मिळाली. का निवडली असे विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, दर्जा अशी कारणे सांगितली. जागेचा उल्लेख एकानेही केला नाही, आणि जागेचा परिणाम झाला असेल का असे विचारल्यावर जवळजवळ सर्वांनी ते नाकारले. शहापूरच्या पेठेत साड्यांच्या ढिगातून एक साडी उचलून 'हिचा काठ बघा' असे म्हणणाऱ्या आपल्या घरच्या मंडळींना हा प्रयोग सांगण्याचे धाडस मी एकदा केले होते. पुन्हा करणार नाही.

आमच्या भागात हा प्रश्न साडीपेक्षा फार गंभीर ठिकाणी उभा राहतो, तो म्हणजे मुलाला कोणत्या माध्यमात घालायचे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही पर्याय समोर असतात, आणि प्राथमिक शाळेत मातृभाषेचेच माध्यम राज्याला सक्तीचे करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच प्रकरणात २०१४ साली दिलेला असल्यामुळे निवड पालकांच्या हाती आहे. पालक कारणे सांगतात : नोकरी राज्यात हवी तर कन्नड लागते, बाहेर हवी तर इंग्रजी लागते, मराठीत मूल लवकर शिकते. तिन्ही कारणे तपासण्यासारखी आहेत. पण पाऊण तास बोलत बसले की हळूहळू दुसरेच काही वर येते. एका वडिलांना सरकारी कचेरीत कन्नड न आल्यामुळे तासभर ताटकळावे लागले होते आणि तो अपमान मुलाच्या वाट्याला येऊ नये असे त्यांना वाटत होते. एका आईला जावेच्या मुलाचा टाय खुपत होता. एका आजोबांना नातवाने हरिपाठ वाचावा असे वाटत होते आणि बाकी कशाशी त्यांना देणेघेणे नव्हते.

या प्रेरणा कमी दर्जाच्या आहेत असे मी म्हणत नाही. त्या बोलण्यात आल्या नाहीत तर चर्चा भलतीकडेच चालते, एवढेच माझे म्हणणे आहे. नोकरीच्या आकडेवारीने त्या वडिलांचा अपमान पुसला जात नाही आणि शिक्षणशास्त्राने टाय खुपायचा थांबत नाही. डोनाल्ड डेव्हिडसन या तत्त्वज्ञाने १९६३ साली या गोष्टीवर नेमके बोट ठेवले : माणसाजवळ एक कारण असते आणि तो त्याला अनुरूप कृती करतोही, तरी ती कृती त्याच कारणाने झाली असे त्यातून सिद्ध होत नाही.

एखाद्याची प्रेरणा उघडी पाडली म्हणजे त्याचे कारण खोडले गेले, असे म्हणता येईल का?

म्हणता येत नाही, आणि सीमाभागात राहणाऱ्याने तरी हे कायम ध्यानात ठेवावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. या सीमावादासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे सांगितले. महाराष्ट्राने तो अहवाल मान्य केला नाही आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. खेडे हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राच्या बाजूची कारणे आहेत. दिलेला अहवाल अंतिम मानावा, आणि पुनर्रचनेचा कायदा एकदा झाल्यावर पुन्हा उकरू नये, ही कर्नाटकाच्या बाजूची कारणे आहेत. ही कारणे चूक की बरोबर, पुरी की अपुरी, हे वाद घालून ठरवता येते.

पण चौकात, प्रचारसभेत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद तिथे राहत नाही. 'हे सगळे मतांसाठी चालले आहे' असे एक बाजू म्हणते आणि 'हे सगळे खुर्चीपायी चालले आहे' असे दुसरी. दोन्ही आरोप खरे असू शकतात आणि तरीही वरच्या कारणांपैकी एकही त्यामुळे खरा किंवा खोटा ठरत नाही. मतांसाठी बोलणाऱ्यानेही लोकसंख्येचा आकडा बरोबर सांगितलेला असू शकतो, आणि निःस्वार्थ माणसाचाही आकडा चुकतो. डोंगरावरचा धूर स्वार्थी माणसाने दाखवला तरी तो धूरच असतो.

प्रेरणेची चौकशी निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. जिथे आपल्याला बोलणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा आहे, म्हणजे साक्षीदार, मध्यस्थ किंवा उमेदवार यांच्या बाबतीत, तिथे ती विचारलीच पाहिजे.

कायद्याच्या भाषेत हा भेद कसा पाळला जातो?

बऱ्यापैकी काटेकोरपणे. कृत्य करणाऱ्याला त्या क्षणी काय घडवून आणायचे होते, ही एक गोष्ट. त्याला ते घडवावेसे का वाटले, ही दुसरी. बहुतेक गंभीर गुन्ह्यांत पहिली सिद्ध करावी लागते. दुसरी गोष्ट गुन्ह्याचा घटक नसते, पण पुरावा म्हणून ती महत्त्वाची ठरते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ८ मध्ये तिची तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम ६ मध्ये आहे. भुकेल्या मुलासाठी भाकरी चोरणाऱ्याची प्रेरणा आपल्याला हेलावते, पण चोरीचा इरादा त्यामुळे नाहीसा होत नाही.

सामान्य माणसाच्या रोजच्या उपयोगाची तरतूद २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात आहे. माहिती मागणाऱ्याला ती का हवी याचे कारण देण्याची गरज नाही, असे कलम ६(२) सांगते. त्याच कायद्याचे कलम ४(१)(घ) उलट बाजूने सांगते, की प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयांची कारणे त्या निर्णयाची झळ पोचणाऱ्या व्यक्तींना कार्यालयाने पुरवली पाहिजेत. नागरिकाच्या मनात कोणी डोकावू नये, आणि कार्यालयाने मात्र आपली कारणे उघडी ठेवावीत, अशी ही रचना आहे. 'तुम्हाला हे कशाला पाहिजे?' असे टेबलापलीकडून विचारले गेले, तर नम्रपणे कलमाचा आकडा सांगावा.

बक्षीस दिले की प्रेरणा वाढते का?

कधी वाढते, कधी घटते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या प्रयोगात ज्या लहान मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढणे मुळातच आवडत होते, त्यांतल्या काहींना 'चित्र काढलेस तर प्रमाणपत्र देऊ' असे आधी सांगितले. काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना दिसली. आवडीपोटी चाललेले काम प्रमाणपत्रासाठी झाले. 'पोटी' च्या जागी 'साठी' आले की काय होते, ते इथे मोजून दाखवले गेले.

कन्नडमध्ये हा फरक आहे का? भाषांतर करताना काय जपावे?

आहे, आणि बराचसा आपल्यासारखाच आहे. 'कारण', 'उद्देश' हे शब्द दोन्हीकडे आहेत आणि अर्थही जवळजवळ तेच. 'मळेयिंद' म्हणजे पावसामुळे, आणि 'मक्कळ सलुवागि' म्हणजे मुलांसाठी. मूळ आणि पुढचे फळ यांची विभागणी तिथेही प्रत्ययांनी आणि अव्ययांनीच होते. उत्तर कर्नाटकाच्या बोलीतले 'याकंद्र' म्हणजे अक्षरशः 'का म्हणशील तर', आणि मराठीतही कारण सांगायला आपण हुबेहूब तसेच म्हणतो. सबबीला कन्नडमध्ये 'नेप' हा सुटसुटीत शब्द आहे.

कार्यालयीन भाषेतला एक फरक मला फार आवडतो. ज्याला मराठीत 'कारणे दाखवा नोटीस' म्हणतात, तिला कन्नडमध्ये 'कारण केळि नोटीस' म्हणतात. 'केळि' म्हणजे विचारून, मागून. मराठी नोटीस 'दाखव' म्हणून आज्ञा करते आणि कन्नड नोटीस विचारते. धाक दोन्हींचा सारखाच.

जपायचे ते सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून. कन्नड 'अवकाश' म्हणजे संधी, आणि मराठी 'अवकाश' म्हणजे मोकळी जागा किंवा वेळ. 'अवकाश मिळाला म्हणून अर्ज केला' हे मराठीत लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्हाला फुरसत होती.

'माझे प्रेरणास्थान' या निबंधात काय लिहावे?

परीक्षेत 'कारणे द्या' या प्रश्नाला मुले नेमकी उत्तरे लिहितात आणि निबंधात तीच मुले प्रेरणास्थानाचे चरित्र लिहून मोकळी होतात. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ साली कंपनीच्या फौजेचा सामना केला, हा इतिहास आहे. तो वाचून तुम्ही कोणत्या दिवशी कोणती गोष्ट वेगळी केली, हे लिहिल्याशिवाय तिथे प्रेरणा आली असे म्हणता येत नाही. ज्या व्यक्तीमुळे तुमचे काहीच हलले नाही, ती आदरणीय असू शकेल, प्रेरणास्थान नव्हे. असे लिहिणाऱ्या एका मुलीने आपल्या वर्गातल्या शिपाईमावशींवर निबंध लिहिला होता, आणि मी त्या वर्षी सर्वाधिक गुण तिला दिले.

अर्जात 'कारण' असा रकाना असेल तर काय लिहावे, आणि 'तुम्हाला हे काम का करावेसे वाटते' असे विचारले असेल तर काय?

रकान्यात तपासता येईल अशी एकच गोष्ट लिहावी, शक्य तर तारखेसह : 'वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे दिनांक अमुक ते अमुक रजा हवी आहे.' आपली ओढाताण, घरची परिस्थिती, साहेबांबद्दलचा आदर यांपैकी काहीही तिथे नको; रकाना भरून वाहिला की वाचणाऱ्याला मूळ गोष्ट शोधावी लागते आणि तो ती शोधत नाही. वाक्यात 'मुळे' किंवा 'साठी' बसत असेल तर ते कारण रकान्यात शोभते, असा एक ढोबळ ठोकताळा मी सांगत असतो.

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला मात्र 'पगार चांगला आहे आणि घराजवळ आहे' ही कारणे खरी असूनही अपुरी पडतात, कारण ती प्रत्येक अर्जदाराची असतात. गेल्या वर्षी परिचारिकेच्या कोर्ससाठी अर्ज करणाऱ्या नंदगडच्या एका मुलीने प्रथम 'समाजसेवेची आवड' असे लिहून आणले. मी तिला विचारले की ही आवड कधी लागली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की आजीच्या पायाची जखम दीड महिना तीच धूत होती, आणि जखम भरत आली तेव्हा आपल्याला वाईट वाटले, कारण आता रोज संध्याकाळी करायला ते काम उरणार नव्हते. मी म्हटले, हेच लिही. तिला ते विचित्र वाटत होते. 'वाईट वाटले' हे शब्द खोडावेत का, असे तिने दोनदा विचारले. आम्ही ते तसेच ठेवले.